अमेरिकेचं हिरवं एक सेंट: ‘दुर्मिळ’ क्रमांक पुन्हा पुन्हा का निघतो आणि तो कसा तपासायचा

जुन्या अमेरिकन टपाल तिकिटांबद्दल माझ्याकडे येणारे बहुतेक प्रश्न एकाच जातीचे असतात. आजोबांच्या अल्बममध्ये किंवा मिश्र तिकिटांच्या पाकिटात एक सेंटचं हिरवं तिकीट सापडतं, त्यावर वॉशिंग्टन किंवा फ्रँकलिन असतो. इंटरनेटवर तसंच चित्र दिसतं, खाली लाखांची किंमत दिसते. मग मोजमापं सुरू होतात, कॅटलॉगमधला एखादा दुर्मिळ क्रमांक पक्का होतो आणि तिकीट माझ्याकडे येतं. अशी तिकिटं मी वर्षानुवर्षं तपासतो आहे. जवळजवळ सगळी साधी निघतात, आणि चूक नेहमी त्याच चार-पाच जागी झालेली असते.

याचं मूळ अमेरिकेच्या छपाईत आहे. १९०८ ते १९२२ या काळात वॉशिंग्टन आणि फ्रँकलिनची तीच चित्रं वर्षानुवर्षं छापली गेली, पण कागद, यंत्र आणि कडेचे दाते मात्र बदलत राहिले. १९२२ पासून नवी मालिका निघाली आणि तिच्यातही तेच झालं. अमेरिकन तिकिटांची प्रमाण सूची असलेला स्कॉट कॅटलॉग अशा प्रत्येक बदलाला वेगळा क्रमांक देतो. म्हणून चित्र जुळलं याचा अर्थ शोध संपला असा नसतो, तिथून तो सुरू होतो.

लक्षणं

- एकाच चित्रासमोर कॅटलॉगमध्ये बरेच क्रमांक, आणि किमती काही सेंटांपासून हजारो डॉलरांपर्यंत.
- फोनमधलं अ‍ॅप एकदा एक क्रमांक सांगतं, पुन्हा फोटो काढला की दुसराच.
- दाते मोजले की यादीत न बसणारा आकडा येतो.
- जलचिन्ह (कागदातच असलेली पुसट अक्षरं) दिसलं नाही, म्हणून ‘जलचिन्ह नाही’ अशी नोंद केलेली.
- एक कड सरळ, म्हणून तिकीट कॉइलचं (गुंडाळी करून विकलेल्या पट्टीतलं) किंवा बिनदात्यांचं ठरवलेलं.
- मोजपट्टीवर चित्र अर्धा मिलिमीटर मोठं.
- हाती आलेला क्रमांक अतिशय महाग.

हे शेवटचं लक्षणही मी बिघाडातच धरतो. साधी हिरवी तिकिटं अब्जांच्या संख्येने छापली गेली. त्यांच्या दुर्मिळ भावंडांच्या ज्ञात प्रती काही बाबतींत हातांच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच आहेत. तुमचं मोजमाप दुर्मिळ क्रमांकावर पोचलं, तर आधी मोजमाप तपासायचं आणि मग आनंद करायचा.

खालच्या तपासण्या फुकटपासून खर्चिकापर्यंत या क्रमाने लावल्या आहेत. क्रम मोडू नका. पहिल्या तीन तपासण्यांतच बहुतेक तिकिटांचा निकाल लागतो, आणि तेवढ्यासाठी ना रसायन लागतं ना भिंग.

१. तिकीट वाचा

आधी ‘झेड ग्रिल’चा प्रश्न संपवू, कारण सगळ्यांत जास्त गोंधळ त्याचाच आहे. १८६८ चं एक सेंटचं फ्रँकलिन झेड ग्रिल तिकीट निळं आहे. त्याच्या दोनच प्रती ज्ञात आहेत. एक न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या संग्रहात आहे, दुसरी २०२४ मध्ये लिलावात सुमारे ४४ लाख डॉलरना गेली. ग्रिल म्हणजे कागदात दाबून उठवलेली बारीक चौकटींची नक्षी. तिने कागदाचे तंतू तुटत आणि शिक्क्याची शाई आत मुरत असे, त्यामुळे शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरता येत नसे. ‘फ्रँकलिन, एक सेंट, लाखो डॉलर’ एवढंच वाचून लोक विसाव्या शतकातलं हिरवं तिकीट हातात घेतात. तुमचं तिकीट हिरवं असेल तर त्याचा झेड ग्रिलशी काही संबंध नाही.

सगळी एक सेंटची तिकिटं हिरवीच का, हेही इथेच सांगतो. आंतरराष्ट्रीय टपाल संघाने छापील मजकुराच्या दराला हिरवा, पोस्टकार्डाच्या दराला लाल आणि परदेशी पत्राच्या दराला निळा असे रंग ठरवून दिले, आणि त्यानुसार अमेरिकेचं एक सेंट १८९८ मध्ये निळ्याचं हिरवं झालं. त्यानंतर कितीतरी वर्षं रंग तोच राहिला. रंगावरून साल ओळखता येत नाही ते यामुळे.

साल अक्षरांवरून कळतं. वरच्या दोन कोपऱ्यांत लहान त्रिकोण असलेलं हिरवं फ्रँकलिन १८९८ च्या सुमाराचं. ‘सीरिज १९०२’ असं छापलेलं आणि फ्रँकलिनची जन्ममृत्यूची सालं दिलेलं तिकीट त्यापुढच्या मालिकेतलं. चित्राखाली नाव नाही आणि किंमत ‘वन सेंट’ अशी शब्दांत आहे, तर ते १९०८ नंतरचं फ्रँकलिन. नाव नाही, पण खालच्या कोपऱ्यांत ‘१’ हा आकडा आहे आणि चेहरा वॉशिंग्टनचा आहे, तर १९१२ नंतरचं. चित्राखाली फितीवर ‘फ्रँकलिन’ हे नाव आहे, तर १९२२ च्या मालिकेतलं, म्हणजे एक सेंटच्या बाबतीत १९२३ किंवा त्यानंतरचं. दोन सेंटच्या लाल वॉशिंग्टनलाही हेच लागू: १९०८ ला ‘टू सेंट्स’ शब्दांत, १९१२ पासून आकड्यात.

एवढं वाचून झालं की अर्ध्याहून जास्त क्रमांक बाद होतात. अ‍ॅप मात्र चित्र तेवढं ओळखतं. कागदाच्या आत आणि कडेला काय आहे ते त्याला कळत नाही, म्हणून त्याने दिलेल्या क्रमांकाला मालिकेपलीकडे अर्थ नाही.

२. शिक्का आणि पाकीट

वापरलेल्या तिकिटावर तारीख वाचता येत असेल तर तिच्याइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही. अकरा दात्यांची नियमित तिकिटं १९१७ मध्ये सुरू झाली. १९१२ चा शिक्का असलेलं तिकीट तुमच्या मोजणीत ११ निघत असेल तर मोजणी चुकली आहे, किंवा दाते नंतर कोणीतरी पाडले आहेत. फितीवर नाव असलेल्या हिरव्या फ्रँकलिनचा ११ बाय १०½ हा प्रकार १९२७ मध्ये आला. १९२४ च्या शिक्क्याचं तिकीट तसं मोजलं जात असेल तर तिथेही पट्टी पुन्हा लावा.

तिकीट पाकिटावर असेल तर कृपा करून ते भिजवून काढू नका. त्या काळी अमेरिकेतून हिंदुस्थानात येणाऱ्या साध्या पत्राला पाच सेंट लागत, म्हणून मुंबईला किंवा नगरच्या अमेरिकन मराठी मिशनला आलेल्या जुन्या पाकिटावर निळं पाच सेंटचं वॉशिंग्टन असण्याचा संभव जास्त. मागे इकडच्या टपाल कार्यालयाचा पोचशिक्का असतो, आणि समोरचा अमेरिकेतला शिक्का पुसट असला तरी त्यावरून महिना कळतो. तिकीट सुटं केलं की हा पुरावा गेला. शिवाय असं अख्खं पाकीट पुष्कळदा सुट्या तिकिटापेक्षा मोलाचं असतं, आणि मराठी मुलखाच्या इतिहासाचा तो कागद आहे, हे मला त्याच्या किमतीपेक्षा मोठं वाटतं.

३. सरळ कडा

१९०८ च्या मालिकेचे फ्लॅट प्लेटवर, म्हणजे सपाट पाटीवर, छापलेले ताव ४०० तिकिटांचे असत आणि ते कापून १०० चे चार भाग केले जात. जिथे कापलं जाई तिथे दाते नसत. त्यामुळे प्रत्येक भागात दोन बाजूंच्या तिकिटांना एक सरळ कड येते, आणि एका कोपऱ्यातल्या तिकिटाला लगतच्या दोन. पुस्तिकांतल्या तिकिटांचंही तसंच. या सरळ कडा जन्माच्या आहेत आणि अगदी सामान्य आहेत.

नियम सोपा आहे. एकच कड सरळ, किंवा लगतच्या दोन सरळ: तावातलं किंवा पुस्तिकेतलं तिकीट. समोरासमोरच्या दोन सरळ: कॉइल असू शकतं. चारही सरळ: बिनदात्यांचं असू शकतं. ‘असू शकतं’ म्हणतो, कारण कात्री सगळ्यांच्या घरी असते. दोन बाजूंचे दाते छाटून कॉइल आणि चारही बाजू छाटून बिनदात्यांचं तिकीट करण्याचा उद्योग फार जुना आहे. छाटलेलं तिकीट कमी रुंद भरतं. म्हणून संशयित तिकीट त्याच मालिकेतल्या दातेवाल्या साध्या तिकिटावर ठेवून पाहा. चित्राच्या दोन्ही बाजूंना कोरा कागद पुरेसा नसेल तर विषय संपला. बिनदात्यांचं तिकीट गंभीर संग्राहक जोडीतच घेतात ते याचमुळे: दोन तिकिटांच्या मध्ये छाटायला जागा नसते.

याच्या उलटही होतं. सरळ कड लपवण्यासाठी तिथे नव्याने दाते पाडतात. समोरासमोरच्या कडा ताडून पाहा. एका बाजूची छिद्रं जास्त स्वच्छ, जास्त गोल किंवा किंचित तिरक्या रांगेत दिसली, तर तिकीट दुरुस्त केलेलं समजा.

४. दाते मोजणं

बहुतेक तिकिटं इथेच चुकतात, म्हणून इथे मी वेळ घेतो.

दात्यांचा आकडा म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये येणाऱ्या छिद्रांची संख्या. दोन आकडे असतील तर पहिला वरच्या-खालच्या कडेचा, दुसरा उभ्या बाजूंचा. एकच कड मोजून थांबू नका.

चुकीचं पहिलं कारण पट्टीच. इंटरनेटवरून उतरवलेली मोजपट्टी घरी छापताना प्रिंटर ती पानात बसवण्यासाठी किंचित लहान करतो. मग अकराचं साडेदहा होतं आणि दहाचं साडेनऊ. छापलेल्या पट्टीवरचे दोन सेंटिमीटर शाळेच्या फूटपट्टीने आधी तपासा. त्याहून चांगला उपाय म्हणजे ओळखीचं तिकीट. १९३८ च्या राष्ट्राध्यक्षांच्या मालिकेतलं कमी किमतीचं कुठलंही साधं तिकीट घ्या, ती ११ बाय १०½ ची असतात आणि मिश्र पाकिटात हमखास सापडतात. तुमच्या पट्टीवर ते ११ बाय १०½ भरलं नाही, तर पट्टी फेकून द्या.

आता या आकड्यांमागची गोष्ट. १९०८ मध्ये दाते बाराचे होते. छिद्रं इतकी दाट की ताव हाताळतानाच फाटत. म्हणून १९१४ मध्ये दहाचे केले, तर तिकिटं सुटी करणं अवघड झालं आणि कोपरे फाटू लागले. १९१७ मध्ये मधला मार्ग म्हणून अकरा ठरले. कॉइलच्या तिकिटांवर काही काळ ८½ चे विरळ दाते होते. कॉइल यंत्रात टिकावी म्हणून तसं केलं होतं. एक सेंटच्या ऑफसेट छपाईत (ही सपाट शाईची छपाई पुढच्या तपासणीत येते) १२½ हाही एक प्रकार १९१९ मध्ये निघाला, तेव्हा १२½ आलं म्हणून लगेच घाबरू नका. पण ही गोष्ट माहीत असली की प्रत्येक आकडा एक काळ सांगतो, आणि तो काळ आधीच्या दोन तपासण्यांशी जुळला पाहिजे.

हा आकडा किती निर्णायक असतो त्याचं सगळ्यांत तीव्र उदाहरण १९२२ च्या मालिकेतलं एक सेंटचं फ्रँकलिन. स्कॉट ६३२ हे रोटरी, म्हणजे फिरत्या दंडगोलाच्या, यंत्रावरचं, ११ बाय १०½, रद्दीच्या भावाने मिळणारं तिकीट. स्कॉट ५९६ त्याच आकाराचं, त्याच यंत्रावरचं, पण चारही बाजूंना ११, आणि अमेरिकेच्या दुर्मिळ तिकिटांपैकी एक. दोघांत फरक फक्त उभ्या कडेचा, आणि पूर्ण उभ्या कडेवर तो जेमतेम अर्ध्या दात्याएवढा. पट्टीच्या भरवशावर हा निर्णय करायचा नसतो. १९३८ चं तिकीट घ्या, त्याची उभी कड संशयित तिकिटाच्या उभ्या कडेला भिडवा आणि वरपासून खालपर्यंत दाते एकमेकांसमोर येतात का ते भिंगाखाली पाहा. शेवटपर्यंत जुळले तर तुमचंही १०½, म्हणजे ६३२. माझ्याकडे ‘५९६’ म्हणून आलेल्या तिकिटांचा निकाल याच एका कृतीने लागला आहे. ५९६ च्या ज्ञात प्रतींपैकी बहुतेकांवर मिसुरीतल्या कॅन्सस सिटीचं नाव आधीच छापून रद्द केलेलं आहे, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण त्या शहराच्या नावाची साधी तिकिटंही विपुल आहेत, म्हणून नाव पाहून निर्णय करू नका.

ओल्या किंवा नुकत्याच भिजवलेल्या तिकिटावर काहीही मोजू नका. कागद पाण्याने फुगतो. आपल्याकडे पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, तिकीट टिपकागदात दाबून पुरतं वाळू द्या आणि मगच पट्टी लावा.

५. बोटाने आणि फॉइलने छपाई ओळखणं

पहिल्या महायुद्धात चांगली शाई मिळेना, आणि मिळणाऱ्या खरखरीत शाईने कोरीव पाट्या झिजू लागल्या. म्हणून १९१८ ते १९२० मध्ये एक, दोन आणि तीन सेंटची तिकिटं ऑफसेटवर छापली गेली. कोरीव छपाईत शाई कागदावर उठून दिसते, ऑफसेटमध्ये सपाट बसते आणि चित्र धुरकट, मऊ वाटतं. वापरलेल्या तिकिटावर स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा ठेवून बोटाने हलके चोळा. कोरीव छपाईच्या रेषा फॉइलवर उमटतात, ऑफसेटच्या उमटत नाहीत. गोंद शाबूत असलेल्या कोऱ्या तिकिटावर हे करू नका.

हे इथेच करायचं कारण एवढंच की ऑफसेट ठरलं तर पुढची आकारमानाची आणि जलचिन्हाची तपासणी लागतच नाही.

६. आकार: फ्लॅट की रोटरी

फ्लॅट प्लेटवर पाटी सपाट असते. रोटरी यंत्रात ती वाकवून दंडगोलावर बसवतात, त्यामुळे वाकाच्या दिशेला चित्र किंचित ताणलं जातं. फ्लॅट प्लेटवर साधारण १८½ ते १९ मिलिमीटर रुंद आणि २२ मिलिमीटर उंच असलेलं चित्र रोटरीवर एका दिशेने अर्धा ते एक मिलिमीटर वाढतं. पाटी कुठल्या दिशेने वाकवली त्यावर ते रुंदीत वाढेल की उंचीत ते ठरतं.

मोजपट्टीने हे मोजू नका, डोळा फसतो. फ्लॅट प्लेटचं एक साधं, फाटकं तिकीट घ्या. एक सेंटच्या नाव असलेल्या फ्रँकलिनसाठी स्कॉट ५५२ चालतं, आकड्यांच्या वॉशिंग्टनसाठी स्कॉट ४९८. त्याच्या कडा चित्राच्या चौकटीपर्यंत कापा आणि ते संशयित तिकिटावर ठेवा. खालचं चित्र उजवीकडे किंवा वर डोकावलं तर रोटरी, अगदी बरोबर झाकलं गेलं तर फ्लॅट. फ्लॅट प्लेटच्या तिकिटांच्या मागे पुष्कळदा शाईचे ठिपके असतात, कारण छापलेले ताव एकावर एक रचले जात. रोटरीवर ते सहसा दिसत नाहीत. हा आधार आहे, पुरावा नाही.

ही तपासणी महत्त्वाची ठरते ती ११ दात्यांच्या तिकिटाला. फितीवर नाव असलेलं, चारही बाजूंना ११ दात्यांचं फ्रँकलिन फ्लॅट असेल तर ५५२, साधं. चित्र १९¾ बाय २२¼ मिलिमीटर असेल तर स्कॉट ५९४, मौल्यवान. कॉइलसाठी रोटरीवर छापलेल्या कागदाची उरलेली टोकं वाया जाऊ नयेत म्हणून ती फ्लॅट प्लेटच्या अकरा दात्यांच्या यंत्रातून काढली आणि तावांच्या रूपात विकली. काटकसरीतून जन्मलेली तिकिटं आहेत ही. वॉशिंग्टनमध्ये स्कॉट ५४४ आणि १९२३ च्या काळ्या हार्डिंग स्मृती तिकिटात स्कॉट ६१३ ही अशीच, रोटरी आणि ११. हार्डिंगचं बाकीचं सगळं काळं दोन सेंट मुबलक आहे.

७. जलचिन्ह

सगळे जण आधी हीच तपासणी करायला धावतात, आणि बहुतेकांना तिची गरजच नसते. फितीवर नाव असलेल्या १९२२ च्या मालिकेला जलचिन्ह नाही. ऑफसेटला नाही. १९१७ नंतरच्या ११ दात्यांच्या नियमित तिकिटांनाही नाही. प्रश्न उरतो तो बारा आणि दहा दात्यांच्या तिकिटांचा. १९१० पर्यंतचा कागद दुहेरी रेषेच्या ‘यूएसपीएस’ अक्षरांचा, १९१० ते १९१६ चा एकेरी रेषेच्या अक्षरांचा, १९१६ पासून बिनजलचिन्हाचा. म्हणजे बारा दाते असतील तर दुहेरी की एकेरी हे पाहायचं, दहा असतील तर एकेरी की काहीच नाही हे पाहायचं. एक आणि दोन सेंटमध्ये यातले बहुतेक प्रकार स्वस्तच आहेत. तिकीट फक्त अल्बममध्ये नेमक्या जागी लावायचं असेल तरच हा खटाटोप करा.

करायचंच असेल तर काळी काचेची किंवा चिनी मातीची बशी घ्या, तिकीट पालथं ठेवा आणि जलचिन्हासाठीचं द्रव किंवा लायटरचं शुद्ध इंधन काही थेंब टाका. अक्षरं गडद रेषांत दिसतात, कधी द्रव उडून जाता जाता दिसतात. हे द्रव गोंद विरघळवत नाही, पाणी विरघळवतं. पण ते पेट घेतं. समई, उदबत्ती, गॅसची शेगडी पेटलेली असताना हे काम करू नका, खिडकी उघडी ठेवा, मुलांना लांब ठेवा.

‘दिसलं नाही’ आणि ‘नाही’ यांत मोठं अंतर आहे. अक्षरं तावभर विखुरलेली असत. तुमच्या तिकिटावर एखाद्या अक्षराचा छोटा कोपराच आला असेल. एकेरी रेषेचं चिन्ह तर मुळातच पुसट. तिकीट आडवं फिरवून, वेगळ्या दिशेने उजेड टाकून पुन्हा पाहा.

८. रेषांचे प्रकार, छटा, निळसर कागद

दोन सेंटच्या लाल वॉशिंग्टनचे प्रकार दोन जागी ओळखतात: आकड्यांवरच्या फितीच्या वळणातली छायारेषा एक आहे की दोन, आणि खांद्यावरच्या बटणाच्या व दोरीच्या रेषा ठळक आहेत की फिक्या. फितीत दोन रेषा असल्या तर तिसरा प्रकार. दहापट भिंग आणि स्वच्छ शिक्क्याचं तिकीट असेल तर घरी जमतं. शिक्का नेमका तिथे पडला असेल तर सोडून द्या.

छटा आणि १९०९ चा प्रायोगिक निळसर कागद घरी ठरवायचाच नाही. त्या कागदात ३५ टक्के चिंध्यांचा लगदा होता आणि त्याची निळसर करडी झाक खऱ्या नमुन्याशेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. जुनाट, दमट कपाटात राहिलेला कोणताही कागद करडा दिसतो.

कुठे थांबायचं

वरच्या सगळ्या तपासण्या दोनदा करूनही तिकीट ५४४, ५९४, ५९६ किंवा ६१३ वर येत असेल, तर थांबा. शब्दांत ‘टू सेंट्स’ लिहिलेलं लाल तिकीट अकरा दात्यांचं आणि दुहेरी रेषेच्या जलचिन्हाचं निघत असेल तर थांबा. ते स्कॉट ५१९ असू शकतं, कारण १९१७ मध्ये परत आलेल्या जुन्या बिनदात्यांच्या तावांना अकराचे दाते पाडले होते. पण खोटे दाते पाडून ते बनवणंही सोपं आहे. आकड्याचं दोन सेंट एकेरी जलचिन्हासह अकराचं निघालं, म्हणजे ४६१, तरी थांबा. त्याच्या नकला बिनदात्यांच्या साध्या तिकिटाला दाते पाडून केलेल्या असतात. १९०८ ते १९१० ची बारा दात्यांची कॉइल आणि निळसर कागद हेही याच यादीत.

इथून पुढे तज्ज्ञच लागतो. माझा शब्द, दुकानदाराचा शब्द किंवा फोटो पाहून कुणी दिलेलं मत, यावर अशी तिकिटं विकली जात नाहीत आणि जाऊही नयेत. अमेरिकेत बेलफाँट, पेनसिल्व्हेनिया इथे अमेरिकन फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ-तपासणी सेवा आहे आणि न्यूयॉर्कमध्ये फिलाटेलिक फाउंडेशन आहे. ते तिकीट प्रत्यक्ष तपासून छायाचित्रासह प्रमाणपत्र देतात. शुल्क लागतं आणि टपालाचा व विम्याचा खर्च वेगळा. म्हणून घरची तपासणी पक्की झाल्याशिवाय पाठवू नका. साध्या ५५२ साठी प्रमाणपत्र मागवणं म्हणजे पैसे पाण्यात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी आधी जवळच्या स्टॅम्प क्लबच्या बैठकीला तिकीट न्यावं. तिथल्या जुन्या सदस्यांकडे खात्रीचे नमुने असतात आणि शेजारी ठेवून पाहण्याला पैसे लागत नाहीत. भारतातून पाठवण्याआधी पुढची आणि मागची बाजू मोजपट्टीसह १२०० डीपीआयवर स्कॅन करून अनुभवी संग्राहकाला दाखवा.

तज्ज्ञाकडे जाईपर्यंत तिकिटाला काहीही करू नका. मागचं हिंज (अल्बमला चिकटवायची कागदी पट्टी) ओढू नका, डाग धुऊ नका, वाकडी कड सरळ कापू नका, चिकटपट्टीचा कागद लावू नका. चिमट्याने उचला, पारदर्शक माउंटमध्ये ठेवा, दोन कडक पुठ्ठ्यांच्या मध्ये बांधा. सोबतच्या चिठ्ठीवर तुम्ही मोजलेले दाते, चित्राची रुंदी-उंची, जलचिन्ह पाहिलं की नाही आणि तिकीट कुठून आलं ते लिहा. तपासणाऱ्याला तुमची मापं चुकीची वाटली तरी चालेल, पण तुम्ही काय पाहिलंत ते त्याला कळलं पाहिजे.